कुमुदताई आणि बावीसची रायफल

"रायफल आधीच झीरो केलेली आहे, नेऊन सरळ वापरायला लागा," असं वॉल्टने कुमुदताईंना सांगितलं आणि तिथेच त्याचं चुकलं.

"कोणी केली?" ताईंनी विचारलं.

"मी. मागच्या हिवाळ्यात."

"तुझ्या खांद्यावर, तुझ्या डोळ्याने, तुझ्या गोळ्या घालून. यात माझं काय आहे?"

सत्तरीतला वॉल्ट हा ताईंचा शेजारी. मक्याची शेती करायचा आणि शनिवारी गावाबाहेरच्या रायफल क्लबची देखरेख करायचा. ताईंना रायफल विकणारा तोच. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "या बाई नेहमी अशाच असतात का?"

मी म्हटलं, "आज जरा मवाळ आहेत."

मी कुमुदताईंना पहिल्यांदा पाहिलं ते २००१ साली. शिकागोच्या पश्चिमेला खाद्यपदार्थांची तपासणी करणाऱ्या एका लॅबमध्ये मला नोकरी लागली होती आणि त्या तिथल्या सगळ्यात जुन्या केमिस्ट होत्या. बुटक्या, सडपातळ, केस बॉयकट, पांढऱ्या कोटाच्या खिशात चार पेनं आणि एक सुपारीची डबी. पहिल्याच दिवशी मी त्यांना "काकू" म्हणालो. त्या म्हणाल्या, "मी तुझ्या कुठल्या काकाची बायको? ताई म्हण." तेव्हापासून ताई.

त्या मूळच्या नागपूरच्या. एरवी अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या, पण उत्साह चढला की नागपूर बाहेर यायचं. "काय करून राहिला तू?" असा आवाज कॉरिडॉरमध्ये आला की समजायचं, ताईंना काहीतरी सापडलंय.

लॅबमध्ये त्यांची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. एका दुधाच्या पावडरीच्या नमुन्याचे आकडे फार छान आले होते. सहा वेळा मोजलं, सहाही वेळा जवळजवळ तोच आकडा. मॅनेजर खूश. ताई रिपोर्टवर सही करेनात. "एवढं सुंदर कधी येत नाही," म्हणाल्या. मॅनेजर म्हणाला, कस्टमर थांबलाय. ताई म्हणाल्या, "थांबू दे, मी पण थांबलेय." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी शोधून काढलं की यंत्र अडकलं होतं आणि नमुना कोणताही घातला तरी तेच दाखवत होतं. त्या धावत माझ्या टेबलापाशी आल्या. "मशीन झोपून राहिलंय रे! आणि झोपेत बोलून राहिलंय!" कोणाची खोड मोडल्याचा आनंद तो नव्हे. खरं काय ते कळलं, एवढाच आनंद. तो त्यांच्या अंगात मावायचा नाही.

२००३ मध्ये त्या रिटायर झाल्या. नेपरव्हिलमधलं घर विकून त्या आणि माधवराव पश्चिमेला तासाभरावर पाच एकरांच्या जागेत राहायला गेले. तिथे त्यांनी चाळीस कोंबड्या पाळल्या. माधवराव हे ताईंचे यजमान. उंच, हळू बोलणारे, आयुष्यभर पुलांची ड्रॉइंग्ज काढलेले. त्यांनी चाळीसच्या चाळीस कोंबड्यांना नावं दिली होती. दमयंती, इरावती, सुलोचना. शनिवारी मी अंडी आणायला गेलो की ते कोणाचं अंडं कोणतं हे सांगत डबा भरायचे. नेपरव्हिलमधली निम्मी मराठी घरं तेव्हा त्यांचीच अंडी खात होती.

पुढच्या वसंतात कोल्हा आला.

पहिल्या आठवड्यात चार कोंबड्या गेल्या, दुसऱ्यात तीन. ताईंनी जाळी जमिनीत फूटभर पुरली, वर विजेची तार ओढली. कोल्हा दिवसाढवळ्या यायचा. कोंबड्या चरायला बाहेर सोडल्या की कुंपणाच्या कडेने सावकाश, जणू स्वतःच्या मालकीच्या जागेत फिरत असल्यासारखा. माधवराव थाळी बडवत धावायचे. तो थोडा लांब जाऊन बसायचा आणि त्यांचं वाजवणं होईपर्यंत बघत राहायचा.

त्याच सुमारास ताईंनी जाहीर केलं की त्या रायफल घेणार.

"तुम्ही?" मी म्हटलं.

"कॉलेजात एनसीसीत होते मी. बावीसची रायफल. आमच्या बॅचमध्ये पहिली आलेय."

"त्याला चाळीस वर्षं झाली, ताई."

"म्हणून तर आधी शिकायचं आणि मग मारायचं."

बंदूक बाळगायचं सरकारी कार्ड, शिकारीचा परवाना, सेफ्टीचा कोर्स, सगळं त्यांनी दोन महिन्यांत पार पाडलं. कोर्सच्या परीक्षेत शंभरपैकी शंभर मिळाले आणि मास्तरांच्या छापील पुस्तकातली एक चूकही सापडली. मग वॉल्टची जुनी हॉर्नेट रायफल त्यांनी विकत घेतली. बावीस कॅलिबर, लाकडी दस्ता, वर स्कोप. गोळी लहान, आवाज बेताचा, आणि कोल्ह्यासाठी पुरेशी.

माधवरावांना ती घरात आलेली आवडली नाही. ते रायफलकडे न बघता म्हणाले, "कुमुद, आपण त्याला पकडून लांब सोडू या."

"दुसऱ्याच्या कोंबड्या खायला? आणि हे बघा, ती मादी आहे. तिला पिल्लं आहेत. मी पाहिलीत ओढ्यापाशी. ती स्वतःची स्वतः खायला लागेपर्यंत मी हात लावणार नाही. तोपर्यंत ही रायफल मला तपासायचीय."

म्हणजे सगळा उन्हाळा. 

झीरो करणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. स्कोपमध्ये एक फुली दिसते. ती फुली जिथे टेकेल तिथेच गोळी जाईल, असं दोघांचं जुळवून आणायचं. ऐकायला सोपं. पहिल्या शनिवारी ताईंनी रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवली, गोळी आत ढकलणारा मागचा दांडा, म्हणजे बोल्ट, काढून घेतला आणि रिकाम्या नळीतून पंचवीस यार्डांवरच्या कागदाकडे बघितलं. काळा गोल नळीच्या बरोबर मधोमध येईपर्यंत पिशव्या सारल्या. मग रायफल जराही न हलवता वर स्कोपमध्ये बघितलं.

"फुली कुठाय सांगू? कागदाच्या बाहेर! वॉल्ट, ही तुझी झीरो?"

वॉल्ट टोपी काढून डोकं खाजवायला लागला.

स्कोपवरच्या दोन गोल बटणांनी फुली सरकवायची. प्रत्येक खटक्याला शंभर यार्डांवर पाव इंच. ताईंनी तशी ती आधी काळ्या गोलावर आणली. माझं काम दुर्बिणीतून बघून छिद्र कुठे पडलं ते सांगायचं. पहिली गोळी सुटली. कानावर हेडफोनसारखे जाड कप होते, तरी पोटात दणका बसला.

"एक इंच खाली," मी ओरडलो.

"किती खटके?"

"चार!"

"चार शंभर यार्डांवर. इथे पंचवीस आहेत. अंतर पावपट, तर खटके चौपट. सोळा! लॅबमध्ये मी तुला हेच शिकवलं का रे?"

सोळा खटके. पुढची गोळी गोलात. मी उठून नाचायच्या बेतात होतो. ताईंनी हात वर केला. "बस खाली. अजून काही झालेलं नाही."

आणि खरंच झालेलं नव्हतं. कागद शंभर यार्डांवर नेला आणि पाच गोळ्या झाडल्या, तर पाच छिद्रं ताटाएवढ्या जागेत विखुरलेली. एवढ्या पसाऱ्यात गोळी कोल्ह्याला कुठे लागेल, लागेल की नाही, काही सांगता येईना. वॉल्ट म्हणाला, स्कोप गेलाय, नवा घ्या. क्लबमधला दुसरा एक म्हातारा म्हणाला, गोळ्या वाईट आहेत. तिसरा जरा हळू आवाजात म्हणाला, मॅडमचा खांदा बारीक आहे.

ताईंनी ते ऐकलं. रागावल्या नाहीत. वॉल्टला म्हणाल्या, "तू मार." वॉल्टने पाच मारल्या. ताटाएवढीच जागा.

"खांदा बाद," ताई म्हणाल्या आणि वहीत लिहिलं.

पुढच्या शनिवारी फक्त गोळ्यांची कंपनी बदलली. बाकी सगळं तेच. फरक नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी वॉल्टचा चांगला स्कोप चढवला. फरक नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा हट्ट. क्लबमधली मंडळी कंटाळली. मी कंटाळलो. तिकडे कोंबड्या चोवीसवर आल्या होत्या आणि माधवराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "हिचा प्रयोग संपेपर्यंत कोंबड्या संपतील. तू तरी सांग."

मी सांगितलं. ताई म्हणाल्या, "अर्धवट रायफलीने मी मारली आणि ती पाय मोडून झुडपात जाऊन तीन दिवस तडफडत मेली, तर? कोंबडी गेली तर माझं नुकसान. ते माझं मी बघेन."



एक गोष्ट मात्र ताई पहिल्या दिवसापासून माझ्याकडून करून घेत होत्या. प्रत्येक गोळीनंतर मी दुर्बिणीतून बघायचं आणि पातळ कागदावर काढलेल्या गोलात तिचा क्रमांक लिहायचा. एक, दोन, तीन, चार, पाच. असे सात-आठ कागद जमले होते. चौथ्या शनिवारी रेंजवरून परत येऊन आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो. माधवराव कॉफी करत होते. ताईंनी ते सगळे कागद एकावर एक जुळवले, उठल्या आणि खिडकीच्या काचेवर दाबून धरले. मागून ऊन येत होतं.

 मग एकदम ओरडल्या, "अहो, इकडे या! विवेक, पाहून काय राहिला, वाच! एक नंबर वाच!"

मी वाचलं. आठही कागदांवरचे एकचे आकडे एकावर एक बसले होते. नखाएवढ्या जागेत. दोन थोडे वर. तीन आणखी वर आणि उजवीकडे. पाच पार कोपऱ्यात.

"विखुरलेलं नाहीच हे!" ताईंचा आवाज चढला होता. "रांगेत चाललंय! पहिली गोळी थंड नळीतून जाते, ती बरोबर जाते. नळी तापते तशी गोळी सरकते. काहीतरी त्या नळीला ढकलून राहिलंय!"

त्यांनी धावत जाऊन रायफल आणली. ती रिकामी आहे हे स्वतः बघितलं, मलाही बघायला लावलं. जुन्या सवयीने घरात ठेवलेल्या गाळणकागदाची एक पट्टी कापली आणि नळी व लाकडाच्या मधल्या फटीत सरकवली. पट्टी सरसर पुढून मागे गेली आणि मध्येच एका ठिकाणी अडली. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच अडली. लाकूड तिथे डावीकडून नळीला टेकत होतं.

वॉल्टला फोन लावला.  तो आपल्या अमेरिकन उच्चारात म्हणाला, "कूमड, या वसंतात माझ्या तळघरात पाणी शिरलं होतं. ती कोपऱ्यात उभी होती."

लाकूड फुगलं होतं, एवढंच.

आणि आता माधवराव पुढे आले. त्यांना बंदूक नको होती, पण लाकूड त्यांचा जीव. ते म्हणाले, "दे ते इकडे. तू घासशील तर वाट लावशील." नळी काढून ठेवली. गराजमध्ये बसून त्यांनी एका गोल काठीला सँडपेपर गुंडाळला आणि दोन दिवस ती खाच घासली. पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न अडता जाईपर्यंत. मग आतून व्हार्निशचे दोन हात दिले, पुन्हा ओल धरू नये म्हणून. "पुलालासुद्धा उन्हात फुगायला जागा ठेवावी लागते," मला म्हणाले, आणि किती तरी दिवसांनी हसले.

पुढच्या शनिवारी क्लबमध्ये बातमी पसरलेली होती. सहा-सात म्हातारे खुर्च्या टाकून बसले होते. ताईंनी पाच गोळ्या मारल्या, प्रत्येकीच्या मध्ये सारखा वेळ ठेवून. मी दुर्बिणीतून बघत होतो आणि मला छिद्रं मोजता येईनात, कारण ती एकमेकांत मिसळली होती. रेंजवरचा गोळीबार थांबवून आम्ही कागदाकडे चालत निघालो. वॉल्ट चालता चालता पळायला लागला. त्याने खिशातून क्वार्टरचं, रुपयाएवढं नाणं काढून कागदावर ठेवलं. चार छिद्रं झाकली गेली, पाचवं जरासं बाहेर. सगळा घोळका मधल्या गोलात, ताईंना हवा होता अगदी तसाच.

वॉल्टने टोपी हवेत उडवली.  खांद्याबद्दल बोललेला म्हातारा पुढे आला आणि त्याने ताईंशी हात मिळवला.

"छान आहे," ताई म्हणाल्या. डोळे चमकत होते. "आता आणखी दोन वेगळ्या दिवशी असंच यायला पाहिजे. आज नशीबही असू शकतं."

आलं. दोन्ही दिवशी आलं. तोवर ऑक्टोबर उजाडला. ओढ्यापाशी पिल्लं दिसेनाशी झाली होती, आपापल्या वाटेने गेली होती. मादी तेवढी राहिली. ताईंनी शेडच्या खिडकीपासून कुंपणाच्या प्रत्येक खांबापर्यंत टेपने अंतर मोजून खांबांवर रंगीत फिती बांधल्या. शंभर यार्डांपलीकडे मारायचं नाही, आणि मागे मातीचा चढ असेल तरच मारायचं, हे ठरवून ठेवलं.

शिकारीचा हंगाम सुरू झाल्यावर नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मी सकाळी लवकरच पोचलो. सूर्य वर आला होता, गवतावर दहिवर गोठलेलं. शेडमध्ये ताई खिडकीशी बसल्या होत्या, मी मागे. वीसेक मिनिटांनी ती आली. लाल, झुपकेदार, थंडीची जाड लोकर चढलेली. ऐंशी यार्डांवर, माळाच्या माथ्यावर थांबली. आडवी उभी. याहून चांगली संधी मिळणार नव्हती. ताईंचा गाल दस्त्याला टेकला. 

काहीच झालं नाही.

ताईंनी डोकं उचललं, बोल्ट मागे ओढला आणि गोळी काढून हातात घेतली.

"ताई! मारा ना!"

"तिच्या मागे काय आहे?"

"आकाश."

"आकाशाच्या खाली काय आहे?"

मी बघितलं. माथ्यापलीकडे काउंटीचा रस्ता होता. इथून तो दिसत नव्हता. पण बोलता बोलताच त्या बाजूने एका ट्रकचं छप्पर सरकत गेलं, बरोबर कोल्हीच्या पाठीमागून. 

त्याच सकाळी तिने दमयंतीला नेलं. माधवरावांची सगळ्यात लाडकी. ते पिसं गोळा करत वाकले होते आणि ताई त्यांच्या शेजारी नुसत्या उभ्या होत्या. "मला दिसत होती," एवढंच म्हणाल्या. माधवराव उठले, बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ट्रक मी पण पाहिला."

पुढच्या मंगळवारी मी सुट्टी काढून गेलो. मला राहवेना. या वेळी ती खालच्या चराकडून आली, सत्तर यार्डांवर, मागे मातीचा उंच बांध. वारा नव्हता, फिती लोंबत होत्या. ताईंच्या तोंडून अर्धा श्वास बाहेर पडला आणि थांबला. मग आवाज. कोल्ही होती तिथेच बसल्यासारखी खाली गेली. पायही झाडला नाही.

ताईंनी रायफल रिकामी केली, मला तपासायला लावली, भिंतीला टेकवली आणि मगच त्या स्टुलावर बसल्या. 

आम्ही तिघं चराकडे गेलो. ताईंनी गुडघे टेकून बघितलं. "कळलं नाही तिला," म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, "विवेक, तिला कळलंसुद्धा नाही." आवाजात विजय नव्हता. मोठी परीक्षा पार पडल्यावर येतो तसा सुटकेचा हुंदका होता. माधवराव कोल्हीच्या शेपटीवरून हात फिरवत म्हणाले, "काय देखणी आहे ग." त्यांनीच बांधाखाली खड्डा खणला.

त्यानंतरची तीन-चार वर्षं ताई दर शनिवारी रेंजवर असायच्या. कोल्हे क्वचितच आले. पण कोणाची रायफल विचित्र वागायला लागली की वॉल्ट म्हणायचा, "कूमडला विचारा." खांदा बारीक म्हणणारा म्हातारा तर स्वतःची वही घेऊन यायला लागला.

२००८ च्या उन्हाळ्यात मला क्युपर्टिनोला नोकरी मिळाली. निरोप घ्यायला गेलो तर माधवराव म्हणाले, रेंजवर गेलीय. ताईंच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला काहीतरी झालं होतं. मधोमध डाग दिसायचा, बरा होण्यातला नव्हता. मला वाटलं, आता हे सगळं संपलं असेल. म्हाताऱ्या मैत्रिणीचं सांत्वन कसं करायचं, याचा विचार करत मी रेंजवर पोचलो.

ताई चटईवर पालथ्या झोपल्या होत्या. दस्ता डाव्या खांद्याला, डावा डोळा स्कोपला. उजव्या हाताला कुठे जायचं ते कळत नव्हतं, बोल्ट उलट्या बाजूने ओढताना कोपर पिशवीवर आपटत होतं. शेजारी वॉल्ट गुडघ्यावर बसून बोटाने त्यांची हनुवटी सरळ करत होता. पासष्टाव्या वर्षी त्या पहिलीच्या वर्गात बसल्या होत्या.

गोळी सुटली. कागदाच्या पार दोन हात खाली मातीचा लोट उडाला.

"अरे बाप्पा!" ताई एवढ्या मोठ्याने हसल्या की सगळी रेंज वळून बघायला लागली. मान न वळवताच त्यांनी ओळखलं की मी मागे आलोय. "विवेक, आलास का? पाहिलंस? कागदच लागून नाही राहिला! दुर्बीण घे, बस, आणि खाली किती ते सांग."